शेवटचे तीन दिवस

सोयाबीनचा पैसा हातात यायला आणि दिवाळी तोंडावर यायला गाठ पडली की आमच्या रिठद गावात एक ऑटो शिरतो. टपावर भोंगा, पाठीवर फ्लेक्स, आत ड्रायव्हर आणि एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हमधली बाई साखर घोळवून बोलते, "खूशखबर! खूशखबर! खूशखबर! आता आपल्या..." इथे बाई थबकते आणि तिच्या जागी कोणी घोगरा बाप्या घाईघाईने "रिठद" एवढंच म्हणून जातो. लगेच बाई परत हजर, "...शहरात प्रथमच!"

बाई एकच. रिसोडला तीच, मालेगावला तीच, शिरपूरला तीच. बाप्या मात्र गावागणिक बदलतो. कधी गडबडीत बाप्या बदलायचा राहतो आणि आमच्या चौकात "मेहकर शहरात प्रथमच" अशी दवंडी होते. कोणी हरकत घेत नाही. मेहकरवाल्यांना काय मिळणार आहे हे आपल्याला आधी कळलेलं केव्हाही चांगलं. राहता राहिलं ते 'शहर'. रिठदला शहर म्हणायची हिंमत निवडणुकीतल्या उमेदवारालाही होत नाही, आणि ती माणसं काय काय म्हणू शकतात हे आपण ऐकलेलं आहे. ऑटो ते एका दमात म्हणून जातो. तेव्हा या जाहिरातीतली पहिली दिशाभूल ग्राहकाची होत नाही, गावाची होते, आणि गाव ती मान ताठ करून ऐकतं.

पुढचा मजकूर पोरासोरांना पाठ आहे. सुरतच्या नामांकित मिलला आग लागली आहे. किंवा मालकाचं दिवाळं निघालं आहे. किंवा दोघा भावांत वाटणी झाली आहे आणि बँक जप्ती घेऊन दारात उभी आहे. अशा वेळी पाच कोटींचा माल उचलून थेट रिठदला आणण्यावाचून बिचाऱ्याला गत्यंतर उरत नाही. सुरतेहून इकडे यायचं तर वाटेत जळगाव, भुसावळ, अकोला अशी किरकोळ ठिकाणं लागतात, पण मालकाचा जीव आमच्या मंगल कार्यालयात अडकलेला. आणि हे सगळं फक्त तीन दिवस. शेवटचे तीन दिवस. हे शेवटचे तीन दिवस वसुबारसेच्या आधी सुरू होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात. मिल दरवर्षी नेमाने जळते आणि मालाला धुराचा वाससुद्धा नसतो.

हे कायद्यात बसत नाही हे सांगायला वकील लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे १९८६ साली आला. तो बदलून २०१९ चा नवा केला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच आठवड्यात दिल्लीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला हे प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड ठोकू शकतं, पुन्हा तीच खोड काढली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्यांनाही मोकळं सोडलेलं नाही. त्यांनाही दंड आहे, शिवाय वर्षभर जाहिरातबंदी, आणि परत सापडले तर तीन वर्षं. पेनड्राइव्हमधल्या बाईला हे कलम कसं लावणार हा प्रश्न आहे. तिचं तोंड अजून कोणी पाहिलेलं नाही.

आणि हे दिल्लीचं दिल्लीतच राहावं अशीही सोय नाही. नव्या कायद्याने अशा जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि त्यांना चौकशीचा अधिकारही आहे. वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे जिल्हाधिकारी आपले, घरचे. म्हणजे मनात आणलं तर सुरतेची मिल खरंच जळाली का याचा पंचनामा व्हायला हवा आणि त्या कामी रिठदच्या तलाठ्याला प्रवासभत्त्यासह गुजरातेत जाऊन यायला हवं. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तरी ते जातील असं वाटत नाही. त्यांच्याकडे अतिवृष्टीचे पंचनामे आधीच तुंबलेले असतात.

मंगल कार्यालयाच्या दारात एक साडी खिळ्याला टांगलेली असते. मोरपंखी, काठाला जर, आणि पदरावर टाचणीने लावलेला कागद : 'फक्त ९९'. ती साडी मागू नये. ती विकायला नसते, ती पाटी असते. कोणी मागितलीच तर पोऱ्या म्हणतो, "ते पीस संपलं ताई," आणि संपलेलं पीस त्याच्या डोक्यावर वाऱ्याने हलत असतं. ९ जून २०२२ ला केंद्राने जाहिरातींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हा खिळासुद्धा येऊन गेला आहे. कमी भावाचं आमिष दाखवायचं असेल तर त्या भावात माल मिळण्याची खरी शक्यता पाहिजे, साठा पुरेसा पाहिजे, आणि नसेल तर तसं आधीच सांगितलं पाहिजे. हे लिहिणारा अधिकारी कुठल्या तरी मंगल कार्यालयात बायकोबरोबर जाऊन आलेला असणार. अनुभवाशिवाय इतकं नेमकं लिहिता येत नाही.

आत गेलं की प्रत्येक वस्तूवर एक मोठा आकडा छापलेला आणि त्यावर लाल फुली. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तिथे चादर उचलली होती, तो संवाद मी शेजारी उभा राहून ऐकला.

"हे चादर कितीले?"

"काकू, एमआरपी बघा, अठराशे नव्व्याण्णव. तुम्हाला साडेतीनशे."

"हे अठराशे कोनं छापले?"

"कंपनीनं."

"अन खोडले कोनं?"

"आम्ही."

"मंग छापनाऱ्याले न खोडनाऱ्याले एका जागी बसव, त्याइचं काय ठरते ते ठरू दे, अन मंग मले खरी किंमत सांग."

पोऱ्या बऱ्हाणपूरकडचा असावा. त्याने पुष्कळ गावं पाहिली असतील, पण वऱ्हाडी बाई भावाला बसली की काय होतं याचं शिक्षण त्याचं अपुरं होतं. दीडशेपासून सुरुवात झाली. काकू दोनदा उठून दरवाजापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्यांदा त्या खरंच बाहेर पडल्या, चप्पल घातली, तेव्हा मागून हाक आली. चादर एकशे ऐंशीला सुटली.

एमआरपी म्हणजे याच्यावर एक पैसा घ्यायचा नाही, ही वरची हद्द. सर्व करांसहित कमाल किंमत छापायची सक्ती १९९० साली आली ती दुकानदाराने ग्राहकाला लुबाडू नये म्हणून. पण हद्द कुठे आखायची हे आखणाऱ्याच्याच हातात राहिलं. मग आखणाऱ्याने ती पार डोंगरापलीकडे नेऊन आखली आणि अलीकडे येऊन सूट देत बसला. वजनमापे खात्याचा निरीक्षक पाकिटावर किंमत आहे का, वजन आहे का, बनवणाऱ्याचा पत्ता आहे का हे बघतो. किंमत थापेची आहे का हे बघायला त्याच्याकडे काटा नाही.

त्याच संध्याकाळी काकू शेजारणीला चादर दाखवत होत्या. किंमत विचारल्यावर त्यांनी सांगितली ती अठराशे नव्व्याण्णव. "मले कमीत देल्ली," एवढंच वर. कायद्याने उत्पादक धरला, विक्रेता धरला, जाहिरात संस्था धरली, नट धरला. काकूंना कुठल्या कलमात धरणार? दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी चार जणी मंगल कार्यालयाकडे निघाल्या, त्या भोंग्यामुळे नाही.

जाहिरातदाराचं खोटं किती मनावर घ्यायचं, हा वाद रिठदचा नाही आणि आजचाही नाही. १८९१ साली लंडनच्या एका कंपनीने पेपरात छापलं की आमचा औषधी धुराचा गोळा दिवसातून तीनदा, असा दोन आठवडे हुंगा आणि तरीही इन्फ्लुएंझा झाला तर आम्ही १०० पौंड देऊ. लोकांना खरं वाटावं म्हणून १००० पौंड बँकेत ठेवल्याचंही छापलं. कार्लिल नावाच्या बाईंनी गोळा इमानाने हुंगला आणि इन्फ्लुएंझाही इमानाने झाला. कंपनी कोर्टात म्हणाली, ती नुसती जाहिरात होती हो, असलं कोणी खरं धरतं का? १८९२ च्या डिसेंबरात कोर्टाने सांगितलं, बँकेत पैसे ठेवलेत म्हणता म्हणजे खरं धरा असं तुम्हीच म्हणालात, काढा १०० पौंड. तेव्हापासून जगभरचे कायदे साधारण याच रेघेने चालतात. 'आमचा चहा जगात भारी' म्हणायला मोकळीक आहे, कारण जग कोणी फिरून येत नाही. 'आमच्या चहाने साखर उतरते' म्हटलं की पुरावा आण. मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर रामबाण इलाज असल्याची नुसती जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. बंदीला सत्तर वर्षं होऊन गेली. वाशिम-रिसोड रस्त्यावर एसटीच्या खिडकीशी बसून भिंती वाचत जावं. गुडघ्यापासून गुप्तरोगापर्यंत बरा न होणारा आजारच उरलेला नाही, आणि प्रत्येक वैद्याचं 'आमची कोठेही शाखा नाही'.

तर तक्रार करू म्हटलं, तर पहिली अडचण बिलाची. दुकानात "बिल द्या" म्हणून पाहा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या चपलांकडे बघतो, मग विचारतो, "पक्कं का कच्चं?" कच्चं म्हणजे पाठकोऱ्या कागदावर नुसता आकडा. ना दुकानाचं नाव, ना तारीख. तो कागद पुढे कोर्टातही चालत नाही आणि चुलीतही नीट पेटत नाही. पक्कं मागितलं की ठेवणीतलं वाक्य येतं, "मंग जीएसटी लागन भाऊ." म्हणजे आत्तापर्यंतचा भाव बिनटॅक्सचा होता, सरकारचं काय ते सरकार बघेल. गिऱ्हाईक हिशेब करतं, अठरा टक्क्यांत दिवाळीचं तेल येतं, आणि म्हणतं, "राहू द्या." इथे दोघेही खूश असतात. २०१९ च्या कायद्यात बिल न देणं हीच मुळी अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न घेणं ही कुठली प्रथा, याबद्दल कायदा गप्प आहे.

त्याच गल्ल्यामागे दोन पाट्या शेजारी शेजारी लावलेल्या असतात. एकीवर 'ग्राहक हाच देव'. दुसरीवर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. देवाला वाहिलेलं परत मागता येत नाही हे खरं, पण इथे वाहणारा कोण आणि देव कोण यात काहीतरी गफलत आहे. दुसऱ्या पाटीला तर आता कायद्याचाही आधार उरला नाही. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. हे एका दुकानदाराला मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाये तुमचं. पन पाटी पेंटरनं पक्क्या रंगात लिवली ना."

सेलमध्ये कूपनही असतं. पाचशेच्या खरेदीवर एक, पहिलं बक्षीस मोटारसायकल. मोटारसायकल तिथेच स्टेजवर उभी असते, जिथे एरवी नवरा-नवरी बसतात. सीटवरचं प्लास्टिक काढलेलं नाही, आरशाला झेंडूचा हार, टायरला एक खडा लागलेला नाही. लहान पोरं तिच्यावर बसायला बघतात आणि पोऱ्या त्यांना हाकलतो. सोडत शेवटच्या दिवशी निघते, आणि शेवटचा दिवस कोणता हे मालकालाही माहीत नसल्यामुळे एके सकाळी मंगल कार्यालय रिकामं दिसतं. गाडी कोणाला लागली? "शिरपूरच्या कोनाले तरी लागली म्हनते." शिरपूरला विचारलं तर ती रिठदच्या कोणाला तरी लागलेली असते. माल खपवायला असली सोडत काढणं आणि तिचा निकाल दडवून ठेवणं, दोन्ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत घातलेलं आहे, आणि सोडतीचं कलम तर जुनं, मक्तेदारी रोखणाऱ्या एमआरटीपी कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली तेव्हापासूनचं. गाडी मात्र तेवढी जुनी दिसत नाही. दरवर्षी नवं मॉडेल असतं, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी राखलेला आहे.

मोठ्या लोकांचं खोटं जरा महाग कपड्यात येतं, पण अंगाने तेच. टीव्हीवरून माल विकणाऱ्या नापतोल या कंपनीला केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ साली १० लाखांचा दंड केला. प्रकरणात सोन्याच्या दागिन्यांचे सेट होते, गुडघ्याला लावायचे चुंबकाचे पट्टे होते आणि योगाच्या चपला होत्या. योगाच्या चपला पाहून आमचे एक मामा म्हणाले, आसनाला बसताना चपला बाहेर काढतात अशी त्यांची आजवरची समजूत होती. त्या आदेशात एक मजेची गोष्ट होती. कार्यक्रम आधीच चित्रित केलेला असतो, तेव्हा आत्ताच्या आत्ता माल संपत चाललाय असा देखावा करू नका आणि हे थेट प्रक्षेपण नाही हे प्रेक्षकांना सांगा, असं कंपनीला बजावण्यात आलं. थोडक्यात, पेनड्राइव्हमधली बाई. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला इंटरनेटवरच्या फसव्या युक्त्यांची १३ प्रकारांची यादी निघाली, त्यात पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा. 'फक्त २ शिल्लक', '१४ मिनिटं उरली' वगैरे. आमच्या ऑटोवाल्याला हे मोबाइलचा टॉवर गावात यायच्या आधीपासून येत होतं, पण त्याचं कोणी कौतुक केलं नाही.

मोबाइलवरून गाडी मागवायच्या रॅपिडोची गोष्ट तर रिठदच्या माणसाला समजावून सांगणंच अवघड. '५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये' अशी त्यांची जाहिरात. ५० रुपये म्हणजे नोटा नव्हे, ५० रुपयांपर्यंत किमतीची कंपनीची स्वतःची नाणी. ती सात दिवसांत वापरायची, तीही फक्त बाइकच्या फेरीवर. हे सगळं लिहिलेलं होतं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ऑगस्ट २०२५ मध्ये १० लाख दंड झाला. हे मी मामांना सांगितलं तेव्हा आम्ही काळी-पिवळीत बसलो होतो. ड्रायव्हर खाली उभा राहून अर्ध्या तासापासून "चला वाशिम वाशिम वाशिम, निघाली निघाली" ओरडत होता. गाडीत आठ जण होते आणि त्याला तेरा हवे होते. मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "काहो, पाच मिन्टात निघाली नाही तं काय देता?" ड्रायव्हर म्हणाला, "उतरू देतो." यात बारीक अक्षर एकही नव्हतं.

पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलं ते आठवत असेल. कंपनीने वर्तमानपत्रांत माफी छापली तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं, तुमच्या जाहिराती एवढ्या मोठ्या असतात, माफीही तेवढीच मोठी छापली का? मला या प्रश्नात फार मोठी शक्यता दिसते. ग्राहक आयोगाला आपल्या कायद्यानेच असा अधिकार आहे की, खोट्या जाहिरातीचा परिणाम पुसण्यासाठी जाहिरातदाराला स्वतःच्या खर्चाने दुरुस्तीची जाहिरात करायला लावावी. आता हे भोंग्याला लावून पाहा. तोच ऑटो, तोच आवाज, त्याच गल्ल्या. "माफी! माफी! माफी! आता आपल्या (घोगरा) रिठद शहरात प्रथमच! सुरतची मिल जळालेली नाही! मालकाचं दिवाळं निघालेलं नाही! मोटारसायकल कोणालाही लागलेली नाही! आजच या आणि आपले पैसे परत घेऊन जा! फक्त तीन दिवस!" या माफीला जी गर्दी लोटेल ती सेललाही लोटलेली नसेल. आणि जाताना निम्म्या बाया आणखी एकेक चादर घेऊन जातील, कारण इतका खरा माणूस सेलमध्ये परत भेटायचा नाही.

आता तक्रारीचं. सोय पुष्कळ आहे. १९१५ हा नंबर फिरवला तर मराठीत बोलता येतं. वाशिमला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. हे सगळं फुकट मिळालेलं नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत काढली तेव्हा गिऱ्हाइकाला काही हक्क असतात हे गिऱ्हाइकालाच पटवण्यापासून सुरुवात होती. निकाल तीन महिन्यांत लावायचा, माल तपासायला पाठवावा लागला तर पाच, असं कायद्यात लिहिलेलं आहे. दिल्लीत एका माणसाने २०१३ साली ७९ रुपयांची गोरं करणारी पुरुषांची क्रीम घेतली. तो गोरा झाला नाही. त्याने तक्रार केली. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा आयोगाने कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड केला. शिवाय तक्रारदाराला ५० हजार. अकरा वर्षं! रंग तो तसाच राहिला, केस तेवढे पांढरे झाले असतील. आमच्या काकूंनी एकशे ऐंशीच्या चादरीसाठी वाशिमच्या तारखा करायच्या म्हटलं तर दुसऱ्या तारखेलाच चादरीचे पैसे तिकिटात जातात. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून तिसऱ्या तारखेपर्यंत ओढता येईल फार तर.

म्हणून चादर सोडून द्यावी. ती जाहिरात गावाला कळते, गाव तिला पुरून उरतं, आणि खरं सांगायचं तर दिवाळीला ऑटो आला नाही तर चुकल्यासारखं होईल. बियाण्याच्या पिशवीशी असं वागता येत नाही.

मृगाच्या आधी येणारी जाहिरात दुसऱ्या घरची असते. तिला भोंगा नसतो, आरडाओरडा नसतो. कृषी केंद्राच्या शटरवर फ्लेक्स, त्यावर शेंगांनी लगडलेलं सोयाबीनचं झाड मुठीत धरलेला शेतकरी. सदऱ्याला इस्त्री, फेट्याला धूळ नाही, नखात माती नाही, आणि चेहऱ्यावर असं हसू की याच्या घरी कोणाचं लग्न ठरलंय की कर्ज माफ झालंय ते कळू नये. खाली एकरी उताऱ्याचा आकडा, आणि आकड्याच्या बुडाशी, इथेही, मुंगीच्या पायाएवढं काहीतरी. पिशवीवर उगवण ७० टक्के लिहिलेली असते, कारण सोयाबीनला नियमाने तेवढी तरी लागते. शंभर दाण्यांत तीस उगवणार नाहीत हे सरकार आणि शेतकरी दोघांनीही आधीच मान्य करून टाकलेलं आहे. भांडण असतं ते उरलेल्या सत्तरांचं.

२०२० च्या खरिपात महाराष्ट्रभर हे भांडण पेटलं. ठिकठिकाणी पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, तक्रारींचे ढीग लागले, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वऱ्हाडात त्या साली दुबार पेरणी हा शब्द 'चहा झाला का' इतक्या सहज ऐकू येत होता. अशा वेळी तक्रार केली की तालुक्याची समिती बांधावर येते. साहेब वाकून माती उकरतात. मग कारणं निघतात. पेरा खोल गेला. ७५ ते १०० मिलिमीटर पावसाच्या आधीच पेरलं. पेरल्यावर जास्त पाऊस झाला. मळणी यंत्रात दाण्याला मार बसला. बियाणं सोडून सगळ्यांचा दोष निघतो, क्वचित बैलाचाही.

बियाण्याच्या कंपन्यांचं म्हणणं फार दिवस असं होतं की शेतकरी हा ग्राहकच नव्हे, तो बी घेतो ते धंद्यासाठी. आणि ग्राहक असलाच, तर सदोष मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला हजर करावा. २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे निकालात काढले. शेतकरी ग्राहक आहे. आणि तो घेतलेलं सगळं बी पेरतो, त्याच्याकडून मागे नमुना ठेवण्याची अपेक्षा कशी करणार? पिशवी घेऊन घरी आल्यावर आधी त्यातलं मूठभर कोर्टासाठी बाजूला काढतो असा शेतकरी न्यायमूर्तींच्या पाहण्यात आला नव्हता.

आमच्याकडे आता तसा शेतकरी आहे. कृषी खात्याने सांगितलं की पक्कं बिल, पिशवी, पिशवीचा टॅग आणि थोडं बियाणं जपून ठेवा, आणि मामांनी ते अक्षरशः घेतलं. ज्या माणसाने जन्मात कधी औषधाचं बिल घेतलं नाही, तो कृषी केंद्रात काउंटरला रेलून म्हणाला, "पक्कं. लॉट नंबर टाका. सही करा. खाली शिक्का." दुकानदार म्हणाला, "काका, दोन पिशव्या घेऊन राहिले का ट्रॅक्टर?" बिल प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्यामागे गेलं. टॅग विळ्याने अलगद कापून बिलाला टाचला. रिकामी पिशवी घडी करून माळ्यावर. आणि मूठभर बी कापडात बांधून, वर तारीख लिहून, धान्याच्या कोठीवर ठेवलं. घरात जाहीर केलं की याला कोणी हात लावायचा नाही, हा पुरावा आहे.

पेरणी झाली. पाऊस बरा होता. आठ-दहा दिवसांनी तासात बघितलं तर मधे मधे टक्कल. मामांनी फोटो काढले, अर्ज लिहिला, तालुक्याला जाऊन पोच घेतली. समितीने शुक्रवार दिला. शुक्रवारी साहेब आले, माती उकरली, पावसाबद्दल बोलले, बैलाकडे बघितलं, मग विचारलं, "बियाण्याचा नमुना ठेवलाय का?" मामांची छाती दोन इंच फुगली. घरी फोन लावला.

"अवं, ते कोठीवरचं फडकं पाठव पोराजवळ."

पलीकडून मामींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"ते? ते त मागच्या हप्त्यातच नांग्या भरायले वापरलं म्या. इतली जागा खाली दिसे, कसंतरीच वाटे."

मामा काही बोलले नाहीत. साहेबांनी मात्र वाकून बघितलं. रिकाम्या पडलेल्या तासांमध्ये, बरोबर मामींनी टोबलेल्या जागी, दोन-दोन पानांची रोपं वर आली होती. एकही दाणा वाया गेला नव्हता. साहेबांनी मोबाइल काढला आणि पंचनाम्याला जोडायला त्यांचा फोटो घेतला.